घर देणारे हात आणि आपले दान

(धम्म-अभ्यास पाठ. कुटुंबाने एकत्र बसून वाचावा.)



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. कधी शेजारी विचारतात, कधी पाहुणे विचारतात, तर कधी आपलाच शिकलेला मुलगा विचारतो. "ख्रिस्ती लोक परदेशात जाऊन गरिबांना घरे बांधून देतात. पदरचे पैसे खर्चून जातात, उन्हात विटा वाहतात. तुम्ही बौद्ध झालात, पण तुमचा धम्म गरिबाला काय देतो?"

हा प्रश्न ऐकला की आपल्यापैकी काहीजण चिडतात. "ते सारे बाटवण्यासाठी चालले आहे" असे म्हणून विषय झटकून टाकतात. दुसरे काही खाली मान घालतात आणि आपल्या धम्मात काही उणे आहे असे मनाशी धरून बसतात. चिडणे हे अज्ञान आहे आणि मान खाली घालणे हाही अज्ञानाचाच प्रकार आहे. भगवान बुद्धांनी आपल्याला तपासून पाहावयास शिकविले आहे. म्हणून या पाठात आपण ही गोष्ट तपासून पाहू. ते लोक नेमके काय करतात, त्यात घेण्यासारखे काय आहे, सोडण्यासारखे काय आहे, आणि मग आपले कर्तव्य काय, असा क्रम ठेवू.

१. हे काम कसे चालते?

अमेरिकेतील चर्चमध्ये एक प्रथा रूढ झाली आहे. चर्चचे तरुण, कधी वडीलधारेही, दहा-वीस जणांचा गट करून सुटीत एक-दोन आठवड्यांसाठी गरीब देशात जातात. जाण्यायेण्याचा खर्च स्वतः करतात किंवा चर्चमध्ये वर्गणी गोळा करतात. तेथे एखाद्या गरीब कुटुंबाचे घर बांधावयाचे, मुलांचे वर्ग घ्यावयाचे, प्रार्थना करावयाची आणि परत यावयाचे. यालाच ते अल्प मुदतीची मिशन-यात्रा म्हणतात. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील तिहुआना शहराच्या झोपडवस्त्यांत अशी घरे बांधणाऱ्या संस्था अनेक आहेत. १९८० साली स्थापन झालेली आमोर मिनिस्ट्रीज ही त्यांतील एक. लाकडी सांगाड्याचे लहानसे घर हे गट काही दिवसांत उभे करतात आणि जाताना कुटुंबाच्या हाती किल्ली देतात.

हे काम थोडेथोडके नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथ्नाऊ यांनी २००५ साली केलेल्या पाहणीवरून असा अंदाज बांधला की, अमेरिकेतील चर्चचे सुमारे १६ लाख सभासद वर्षाला अशा परदेशी यात्रेवर जातात. एवढी माणसे, एवढा प्रवास, एवढा पैसा! ही शक्ती मोठी आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढचा विचार होणार नाही.

२. एका शेतावरची गोष्ट

घरे बांधण्याच्या या कार्यात सर्वांत मोठे नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेचे आहे. तिची हकिकत प्रत्येक बौद्धाने वाचण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी पंगतीचा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचे गाव आहे. त्या भागात गोऱ्यांनी काळ्यांना वेगळे ठेवण्याची प्रथा कडक होती. शाळा वेगळी, पाणी पिण्याची जागा वेगळी, बसण्याची जागा वेगळी. वाचकहो, ही वर्णने तुमच्या आजोबांना नवी वाटणार नाहीत. त्याच गावाजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन नावाच्या गोऱ्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने आपल्या सहकाऱ्यांसह कोइनोनिया नावाचे शेत सुरू केले. शेतावर काळे आणि गोरे एकत्र राबत आणि एकाच टेबलाला बसून जेवत.

याचे बक्षीस काय मिळाले? आसपासच्या गोऱ्यांनी शेतावर बहिष्कार टाकला. बियाणे, खत, विमा मिळेनासा झाला. १९५० नंतरच्या दशकात शेतावर गोळ्या झाडल्या गेल्या, रस्त्याकडेचे विक्रीचे दुकान बॉम्बने उडविले. बहिष्कार टाकणारे लोकही ख्रिस्तीच होते, दर रविवारी चर्चमध्ये जाणारे होते! धर्मग्रंथ एकच, चर्चही एकच. परंतु एकाला त्यातून समता सापडली आणि दुसऱ्याला आपला वर्णाभिमान सोडवला नाही. धर्माचे नाव घेतल्याने माणूस सुधारतो असे नाही, हा धडा येथे पहिला घ्यावा. तो आपल्यालाही लागू आहे. नाव बौद्ध लावले आणि पोटजात जपली, तर आपणही त्या बहिष्कार टाकणाऱ्यांच्याच ओळीत बसू.

याच शेतावर १९६५ नंतर मिलार्ड फुलर नावाचा तरुण आला. वयाच्या तिशीच्या आतच तो लखपती झाला होता. परंतु पैशाच्या मागे धावताना संसार मोडण्याची वेळ आली. पती-पत्नींनी विचार केला आणि संपत्ती वाटून टाकली. १९६८ साली जॉर्डन आणि फुलर यांनी शेताजवळच्या गरीब कुटुंबांसाठी घरे बांधण्याची योजना काढली. तिचे नियम साधे होते. घर फुकट नाही. घराच्या किमतीवर नफा नाही. कर्जावर व्याज नाही. ज्याचे घर त्याने स्वतः बांधकामावर अंगमेहनत करावयाची. हप्त्याने परत आलेला पैसा एका निधीत जमा करावयाचा आणि त्यातून पुढच्याचे घर बांधावयाचे.

१९७३ साली फुलर कुटुंब आफ्रिकेतील झाईर, म्हणजे आजच्या काँगो देशात, म्बन्डाका गावी गेले आणि तीन वर्षे राहून हीच योजना त्यांनी तेथे राबविली. परत आल्यावर १९७६ साली हॅबिटॅट संस्था स्थापन झाली. १९८४ पासून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नीसह दरवर्षी हातात हातोडा घेऊन या कामाला जाऊ लागले. २०२४ साली शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतात ही संस्था १९८३ साली खम्मम येथून सुरू झाली. २००६ साली कार्टर पती-पत्नी आपल्या महाराष्ट्रात आले होते. लोणावळ्याजवळ देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी त्यांच्यासोबत १०० घरांचे काम केले. त्या घरांसाठी कुटुंबाचा धर्म पाहिला जात नाही, धर्मांतराची अट घातली जात नाही, हे त्या संस्थेचे जाहीर धोरण आहे. जे खरे आहे ते खरे म्हणावे. सम्यक वाचा मित्राविषयी बोलताना पाळावयाची तशीच परक्याविषयी बोलतानाही पाळावयाची.

३. हिशेब काय सांगतो?

आता दुसरी बाजू पाहू. ही बाजू कोणा टीकाखोर शत्रूने मांडलेली नाही. ती ख्रिस्ती विचारवंतांनीच मांडली आहे, म्हणून तिचे वजन अधिक आहे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये मध्य अमेरिकेत मिच नावाचे चक्रीवादळ आले. होन्डुरास देशात हजारो माणसे मेली आणि असंख्य कुटुंबे उघड्यावर पडली. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधण्यासाठी धावले. त्याच वेळी होन्डुरासमधल्या ख्रिस्ती संस्थाही स्थानिक गवंडी-मजुरांकडून घरे बांधून घेत होत्या. पुढे कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने दोन्ही प्रकारच्या घरांतील कुटुंबांना भेटून अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला.

त्यात काय आढळले? परदेशी हातांनी बांधलेल्या घरातले कुटुंब आणि स्थानिक हातांनी बांधलेल्या घरातले कुटुंब, यांच्या जीवनात काही फरक आढळला नाही. घर मिळाले याचा आनंद दोघांनाही सारखाच होता. एका घराचा खर्च सुमारे २,००० डॉलर. परंतु एका गटाच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च सरासरी ३०,००० डॉलरच्या घरात. म्हणजे एक गट येऊन एक घर बांधून गेला, त्या प्रवासखर्चात पंधरा घरे उभी राहिली असती आणि गावच्या गवंड्याला कामही मिळाले असते.

यावर यात्रेला जाणारे म्हणतात, "घर हे निमित्त आहे. या यात्रेने आमचे मन बदलते, आम्ही परत येऊन गरिबांसाठी अधिक देऊ लागतो." व्हर बीक यांनी तेही तपासले. परत आलेले लोक आपण खूप बदललो असे सांगत होते. परंतु देणग्यांच्या नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा त्या मानाने फरक फारच थोडा दिसला. माणसाला क्षणभर भरून येते, डोळ्यांत पाणी येते, आणि चार महिन्यांनी तो पूर्वीसारखाच होतो. शीलाचा रोजचा अभ्यास नसेल तर भावनेचा पूर असाच ओसरतो. पौर्णिमेला विहारात येऊन गहिवरणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी भांडणाऱ्या आपल्यालाही हे लागू नाही काय?

याच्याही आधी, १९६८ साली, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मोपदेशकाने मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे अतिशय कडक भाषण केले होते. त्याचे सांगणे थोडक्यात असे: तुम्हाला येथील भाषा येत नाही, येथील दुःख कळत नाही. पाहावयास या, शिकावयास या. परंतु मदत करण्याच्या घमेंडीत येऊ नका.

४. घेणाऱ्याचा मान

हिशेबापेक्षा मोठी गोष्ट मानाची आहे. ज्याच्या घरासाठी परके लोक येतात त्या कुटुंबाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. घरातला कर्ता पुरुष स्वतः गवंडी आहे. परंतु हातात काम नाही म्हणून त्याचे घर झाले नाही. आता सतरा वर्षांची मुले समुद्रापलीकडून येतात, त्यांना थापीसुद्धा धड धरता येत नाही, आणि ती त्याच्या घराची भिंत रचतात. तो बाजूला उभा राहून पाहतो. शेवटी सर्वांबरोबर फोटो निघतो. तो हसतो. त्याच्या मुलाच्या मनावर काय उमटते? 'माझ्या बापाला जे जमले नाही ते या पाहुण्यांनी चार दिवसांत केले.' घर मिळाले, पण बाप लहान झाला.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. आपल्या वाडवडिलांना शिळी भाकर मिळत होती, टाकलेले कपडे मिळत होते. देणाऱ्यांना पुण्य मिळत होते आणि घेणाऱ्यांना गुलामी. देणारा वरून टाकत होता, घेणारा पदर पसरीत होता. पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला जे पहिले शिकविले ते हेच की, मेलेले ढोर ओढू नका, उष्टे खाऊ नका, मान ताठ ठेवा. १९३५ साली येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी आपापली दारे उघडी असल्याचे कळविले. पुढे एकवीस वर्षे बाबासाहेबांनी अभ्यास केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी जो धम्म आपल्याला दिला त्याबरोबर कोणाला घर मिळाले नाही, नोकरी मिळाली नाही. उलट दीक्षा घेतलेल्यांच्या सवलती गेल्या. अनुसूचित जातींच्या सवलती केंद्र सरकारकडून बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तरीही लाखो लोकांनी दीक्षा घेतली. म्हणून कोणी "तुम्ही काय मिळविण्यासाठी बौद्ध झालात?" असे विचारले, तर निर्भयपणे सांगा: "मिळविण्यासाठी गेलो नाही. माणूस म्हणून उभे राहण्यासाठी गेलो."

मदत आणि धर्मप्रसार यांची गाठ घालू नये, हे आता जगानेही मान्य केले आहे. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ साली आचारसंहिता केली. मदतीचा उपयोग एखाद्या राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. पुष्कळ ख्रिस्ती संस्थांनी ती स्वीकारली आहे. परंतु घराच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अपेक्षा ठेवणारे गटही आहेत. उघड अट नसते. पण ज्याच्या डोक्यावर छप्पर तुम्ही घातले, तो तुमच्या प्रार्थनेला 'नाही' कसे म्हणेल? उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा खरा होकार नसतो.

५. तथागत काय म्हणतात?

आता धम्मग्रंथांकडे वळू. या विषयावर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट आळवी नगरातील. एक गरीब शेतकरी भगवंतांचा उपदेश ऐकण्यास निघाला. इतक्यात त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात दिवस गेला आणि तो उपाशीपोटी सभेत पोहोचला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी प्रथम विचारले, भोजन उरले आहे काय? त्याला पोटभर जेवू घातले आणि नंतरच धम्म सांगितला. भिक्षू कुजबुजले, तेव्हा भगवंतांनी सांगितले की, भुकेसारखा रोग नाही. येथे नीट पाहा. अन्न हे उपदेशाचे आमिष नव्हते. तो धम्म ऐकावयास स्वतःच्या पायांनी आला होता. भूक भागविली ती दुःख दूर करण्यासाठी.

दुसरी गोष्ट नालंदेच्या उपाली गृहपतीची. तो निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन साधूंचा, मोठा दाता होता. बुद्धांशी वाद करण्यास आला आणि त्यांचे म्हणणे पटल्यावर उपासक होण्यास तयार झाला. भगवंतांना नगरातला श्रीमंत माणूस मिळत होता! परंतु त्यांनी प्रथम सांगितले, "गृहपती, नीट विचार कर." आणि पुढे सांगितले की, तुझे घर आजवर निर्ग्रंथांना पाणवठ्यासारखे होते, ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत जा. दुसऱ्या पंथाच्या साधूंचे अन्न तोडू नको, असे सांगणारा धर्मसंस्थापक! धर्मांतर कसे असावे याचा याहून चांगला वस्तुपाठ कोणता? आमिष नाही, घाई नाही, द्वेष नाही.

तिसरी गोष्ट दान कसे द्यावे याविषयी. अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे दिली आहेत. तो काळजीपूर्वक देतो. आदराने देतो. स्वतःच्या हाताने देतो. टाकून द्यावयाची वस्तू देत नाही. आणि आपल्या कर्माला फळ आहे हे जाणून देतो.

या पाच कसोट्यांवर मिशन-यात्रा घासून पाहा. स्वतःच्या हाताने देण्याच्या कसोटीला ते लोक उतरतात, हे मोकळ्या मनाने कबूल करावे लागेल. करोडपती देशातली माणसे घमेली उचलतात ही लहान गोष्ट नाही. आपल्यापैकी किती साहेब झालेले बौद्ध आपल्या जुन्या वस्तीत जाऊन घमेले उचलतात? परंतु काळजी आणि आदर या कसोट्यांवर पुष्कळ यात्रा उतरत नाहीत. आदर म्हणजे ज्याला द्यावयाचे त्याला आधी विचारणे. काळजी म्हणजे आपल्या देण्याचा पुढे काय परिणाम होतो ते पाहणे. व्याज नाही, फुकटही नाही, घरमालकाचे हात भिंतीला लागलेले, आणि त्याच्या हप्त्यातून पुढच्याचे घर, ही जॉर्डन आणि फुलर यांची रीत या कसोट्यांच्या जवळ जाते. कारण तीत घेणारा पुढे स्वतः देणारा होतो. चांगली गोष्ट कोणत्याही धर्माच्या माणसाने केली तरी ती चांगलीच.

६. बौद्धांनी काही केले आहे काय?

१९६६ सालची गोष्ट. तैवान बेटावरील हुआलिएन गावी चेंग येन नावाच्या तरुण भिक्षुणीला तीन कॅथलिक नन्स भेटावयास आल्या. धर्मचर्चा झाली. नन्सनी विचारले, "आमचे लोक शाळा बांधतात, इस्पितळे बांधतात. तुमचे बौद्ध काय करतात?" तुमच्या शेजाऱ्याने विचारला तोच हा प्रश्न! चेंग येन चिडल्या नाहीत. त्यांनी तीस गृहिणींना एकत्र केले. प्रत्येकीला बांबूच्या पेराचा गल्ला दिला आणि सांगितले, रोज बाजाराला निघताना आधी अर्धा डॉलर यात टाका. तैवानचा डॉलर लहान असतो, तेव्हा ही रक्कम भाजीतली मूठभर कोथिंबीर वाचवावी एवढीच होती. महिन्याला एकदम का नको, असे कोणी विचारले. उत्तर असे की, देण्याचा विचार रोज मनात आला पाहिजे. त्या गल्ल्यांतून त्झू ची ही संस्था उभी राहिली. १९८६ साली तिने हुआलिएनमध्ये मोठे इस्पितळ सुरू केले. आज अनेक देशांत भूकंप आणि पूर आला की ती धावून जाते आणि घरे, शाळा उभारते.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील शिक्षक ए. टी. अरियरत्ने १९५८ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुवा गावी गेले. ते गाव रोडिया लोकांचे. बौद्ध देशातही या लोकांना अस्पृश्याप्रमाणे वागविले जात होते, हे दुःखाने नोंदवावे लागते. शहरातली उच्चकुलीन मुले त्यांच्या झोपड्यांत राहिली, त्यांच्याबरोबर जेवली, त्यांच्याबरोबर राबली. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ निघाली आणि हजारो गावांत पोहोचली. नाव सर्वोदयाचे असले तरी पाया मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचा आहे. गावकऱ्यांनी आपली गरज स्वतः ठरवावी आणि पाहुण्यांनी त्यांच्या बरोबरीने राबावे, हा तिचा नियम.

आणि आपल्या घरचे उदाहरण? ज्या लोणावळ्याजवळ कार्टर आले, त्याच परिसरात कार्ल्याचे चैत्यगृह आहे. मुलांना घेऊन अवश्य जा. तेथील खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. आणि त्याच गावच्या एका सुताराने दिलेले द्वाराचे कामही आहे. श्रेष्ठी, यवन आणि सुतार एकाच लेण्यात दाते म्हणून उभे आहेत. एका खांबाने लेणे झाले नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीचा भाग दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या खडकात आपल्या लोकांनी दान असे केले होते.

७. मग आपण काय करावे?

प्रथम घेण्याविषयी. पुरात, आगीत, भूकंपात कोणाही भल्या माणसाने मदत केली तर ती घेण्यात कमीपणा नाही. आभार मानावेत. परंतु घर, शाळेची जागा किंवा औषध यांच्या बदल्यात कोणी तुमच्या श्रद्धेची मागणी केली, तर नम्रपणे नकार द्यावा. मदतीसाठी प्रार्थनेला बसणे आणि घरी येऊन पंचशील घेणे हे सम्यक वाचेच्या आणि चौथ्या शीलाच्या विरुद्ध आहे. ज्या बांधवांनी विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे त्यांचा मात्र द्वेष करू नये. धर्म निवडण्याचा जो हक्क आपण बजावला, तोच त्यांनी बजावला आहे. ते आपले भाऊच आहेत.

आता देण्याविषयी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच प्रश्न केला आहे की, भिक्षू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा, की समाजसेवकही असावा? समाजसेवक झाला तरच तो बौद्ध धम्माची आशा ठरेल, असे त्यांचे मत होते. भिक्षूला हे लागू, तर उपासकाला नाही काय? बावीस प्रतिज्ञांमध्ये दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे, आणि दान ही त्यांतील एक आहे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. रुपयाला पाच पैसे! आपण किती देतो, याचा हिशेब प्रत्येकाने आज रात्री मांडावा.

पुढील गोष्टी कोणत्याही वस्तीत करता येण्यासारख्या आहेत.

(अ) घरात दानाचा गल्ला ठेवा. मुलांच्या हाताने रोज त्यात पैसा टाका, मग तो कितीही लहान असो.

(आ) महिन्यातून एका पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर श्रमदान ठेवा. विधवा भगिनीचे गळके छप्पर शाकारावे, म्हाताऱ्याच्या घराचा पडलेला कूड उभा करावा. आधी त्यांना विचारावे, 'आम्ही काय करू?' आपल्या मनाने ठरवून जाऊ नये.

(इ) ज्याच्या घराचे काम त्याचा किंवा त्याच्या माणसांचा हात त्यात लागू द्या. अंगात बळ नसेल तर त्याने पाणी द्यावे, चहा करावा. त्याला मालक म्हणून राहू द्या.

(ई) शक्य असेल तेथे बिनव्याजी निधी काढा. ज्याने घेतले त्याने सवडीने परत करावे आणि ते पुढच्याला मिळावे. हिशेब फळ्यावर लिहा. हिशेब लपला की निधी बुडतो.

(उ) मदत फक्त बौद्धांनाच, असे करू नका. मातंग, ख्रिस्ती, मुसलमान शेजारी अडचणीत असेल तर आधी त्याच्याकडे जा. आणि जाताना बुद्धमूर्ती घेऊन जाऊ नका. तुमची वागणूक पाहून त्याने विचारले तर धम्म सांगा.

(ऊ) फोटो काढावयाचा असेल तर काम पुरे झाल्यावर, त्या कुटुंबाला विचारून काढा.

बंधू-भगिनींनो, शेजाऱ्याच्या प्रश्नाला आता काय उत्तर द्याल? समुद्रापलीकडे जाऊन घर बांधणाऱ्यांना नावे ठेवून हे उत्तर होत नाही. त्यांच्यापुढे मान घालूनही होत नाही. आपल्या गल्लीतल्या गळक्या छपराखाली ज्या दिवशी आपण पाच घरचे पाचजण उभे राहू, त्या दिवशी शेजारी विचारावयाचे थांबेल आणि कदाचित शिडी धरावयास येईल. त्याला शिडी धरू द्या. त्यालाही दान करण्याचा हक्क आहे.

घरच्या चर्चेसाठी प्रश्न

१. कोइनोनिया शेतावर बहिष्कार टाकणारे आणि शेत चालविणारे दोघेही ख्रिस्ती होते. यावरून आपण बौद्धांनी कोणता धडा घ्यावा?

२. भगवंतांनी उपाली गृहपतीला निर्ग्रंथांचे दान बंद करू नको असे का सांगितले असावे?

३. सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे कोणती? आपल्या घरी मागील महिन्यात दिलेले एखादे दान या कसोट्यांवर तपासा.

४. फुकट दिलेले घर आणि बिनव्याजी हप्त्याने दिलेले घर, यांत घेणाऱ्याच्या मनावर काय फरक पडतो?

५. आपल्या वस्तीत या पावसाळ्यापूर्वी कोणाचे छप्पर दुरुस्त होणे जरूर आहे? त्यांना विचारावयास कोण जाईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊ नये.

भवतु सब्ब मंगलम्.